लाकूड, संगणक आणि यंत्राचा हात

जर्मनीतल्या श्टुटगार्ट शहराच्या पूर्वेला रेम्स नदीचं खोरं आहे. २०१९ साली तिथे मोठं बागप्रदर्शन भरलं आणि त्यानिमित्ताने उर्बाख गावाजवळच्या एका उतारावर लाकडाचा मनोरा उभा राहिला. उंची १४ मीटर, म्हणजे आपल्याकडच्या चार मजली इमारतीएवढी. बारा वक्र लाकडी पाट्या एकमेकींना बिलगून उभ्या आहेत. पाहणाऱ्याला वाटतं, एवढ्या जाड पाट्या वाकवायला केवढा दाब द्यावा लागला असेल! प्रत्यक्षात त्या कुणीच वाकवलेल्या नाहीत. त्या स्वतःहून वाकल्या.

लाकूड वाळलं की आकसतं, पण सगळ्या दिशांनी सारखं नाही. तंतूंच्या लांबीच्या दिशेने ते जवळपास आकसतच नाही. तंतूंच्या आडव्या दिशेने मात्र चांगलंच आकसतं. आपल्या घरी पावसाळ्यात दार फुगून चौकटीत अडकतं आणि दिवाळीनंतर पुन्हा सैल होतं, ते याच गुणामुळे. उर्बाखसाठी स्प्रूस लाकडाचे दोन थर घेतले. एकाचे तंतू एका दिशेने, दुसऱ्याचे त्याला आडवे, असे ते एकमेकांना चिकटवले. लाकडातला ओलावा तेव्हा सुमारे २२ टक्के होता. मग ती सपाट पाटी वाळवण्याच्या भट्टीत गेली. एक थर आकसू पाहत होता, दुसरा त्याला आकसू देत नव्हता. या ओढाताणीत पाटी वाकत गेली आणि ओलावा १२ टक्क्यांवर आला तेव्हा ठरलेल्या वाकावर येऊन थांबली. अशा वाकलेल्या पाट्या नंतर एकमेकींना चिकटवून तो वाक कायमचा पक्का केला. जागेवरच्या जोडणीला चार कारागिरांना एक दिवस पुरला.

‘ठरलेल्या वाकावर’ हे लिहायला सोपं आहे. त्यामागे थर किती जाड ठेवायचा, तंतूंची दिशा किती अंशांनी फिरवायची, सुरुवातीचा ओलावा किती हवा, याचं आधी मांडलेलं गणित आहे, आणि त्या गणिताखाली लाकडाच्या असंख्य चाचण्या आहेत. सुतार पिढ्यान् पिढ्या ज्या गुणाशी झगडत आला, तोच गुण इथे बांधकामाचं साधन झाला. कॉम्प्युटेशनल डिझाइन आणि डिजिटल फॅब्रिकेशन या जोडविषयाचं पदव्युत्तर शिक्षण म्हणजे नेमकं काय, हे समजावून सांगायला मला याहून चांगलं उदाहरण सापडत नाही.

हा मनोरा श्टुटगार्ट विद्यापीठातल्या दोन संस्थांनी स्वित्झर्लंडच्या लाकूडतज्ज्ञांच्या साथीने घडवला. त्यातली एक आयसीडी. ती २००८ साली वास्तुरचनाकार आखिम मेंगेस यांनी सुरू केली. दुसरी आयटीकेई, तिची धुरा संरचना अभियंता यान क्निपर्स यांच्याकडे. या दोन संस्था मिळून ‘आयटेक’ नावाचा दोन वर्षांचा, इंग्रजी माध्यमाचा एम.एस्सी. अभ्यासक्रम चालवतात. वास्तुकला आणि अभियांत्रिकी, दोन्हीकडचे पदवीधर तिथे एकाच वर्गात बसतात.

बी.आर्क.च्या शेवटच्या वर्षातली मुलं-मुली आज या विषयाबद्दल उत्सुकतेने विचारतात. त्यांचे प्रश्न बहुतेक वेळा सॉफ्टवेअरपासून सुरू होतात. ग्रासहॉपर आधी शिकावं का? पायथन किती लागतं? हे प्रश्न गैर नाहीत. पण माझं मत असं आहे, की या शिक्षणाचा गाभा सॉफ्टवेअरमध्ये नाही. तो पदार्थाच्या स्वभावात आणि तो पदार्थ घडवणाऱ्या यंत्राच्या मर्यादांत आहे. सॉफ्टवेअर या दोघांना डिझाइनपर्यंत आणून पोचवतं.

वास्तुरचनेची रूढ पद्धत आठवून पाहा. आर्किटेक्ट नकाशा काढतो, संरचना अभियंता सळई आणि जाडी ठरवतो, कंत्राटदार बांधतो. या सगळ्यांमध्ये असतो कागद. नकाशावरची रेघ लाकडाची असो, दगडाची असो की काँक्रीटची, काढताना ती सारखीच निघते. पदार्थ कोणता, ते बाजूच्या टिपेत लिहिलेलं असतं. म्हणजे आकार आधी ठरतो आणि तो कसा घडणार याचा विचार मागाहून होतो. बहुतेक घरांसाठी ही पद्धत पुरते. उर्बाखसारखी गोष्ट मात्र या क्रमाने होऊच शकत नाही, कारण तिथे लाकूड कसं वाकेल हे कळल्याशिवाय आकारच ठरत नाही.

आता कॉम्प्युटेशनल डिझाइनचा भाग. साध्या संगणकीय आरेखनात आपण आकार काढतो. इथे आपण आकाराचा नियम लिहितो. समजा, पश्चिमेकडच्या भिंतीला जाळी करायची आहे आणि तिला दोन हजार भोकं आहेत. दुपारचं ऊन जिथे थेट येतं तिथे भोक लहान, जिथे खिडकीतून बाहेर पाहायचं तिथे मोठं, आणि दोन भोकांमध्ये ठरावीक अंतर राहिलंच पाहिजे, नाहीतर पत्रा फाटेल. हे तीन नियम लिहिले की दोन हजार भोकं संगणक काढतो. उद्या खिडकी अर्धा मीटर सरकली तर एक आकडा बदलायचा. बाकी सगळी जाळी आपली आपण नव्याने मांडली जाते. ‘पॅरामेट्रिक’ हा शब्द जिथे तिथे ऐकू येतो, त्याचा अर्थ एवढाच.

ही कल्पना नवी नाही. १९६३ साली अमेरिकेतल्या एमआयटीत आयव्हन सदरलंड यांनी पीएच.डी.साठी ‘स्केचपॅड’ हा प्रोग्रॅम लिहिला. पडद्यावर प्रकाशलेखणीने रेघ काढायची आणि संगणकाला सांगायचं, की ही रेघ त्या रेघेला समांतर राहिली पाहिजे. एक हलवली की दुसरी तिच्याबरोबर हलायची. नियमांतून आकार, हे बीज तिथेच पडलं. इमारतींपर्यंत ते पोचायला मात्र तीस वर्षांहून अधिक काळ गेला. १९९७ साली स्पेनमधल्या बिल्बाओ शहरात फ्रँक गेरी यांचं गुगेनहाइम संग्रहालय उघडलं. त्याचे वळणदार पृष्ठभाग मांडायला ‘कटिया’ हे सॉफ्टवेअर वापरलं होतं आणि ते फ्रान्सच्या दासो कंपनीने विमानांसाठी तयार केलेलं होतं. पुढे २००७ साली डेव्हिड रटन यांनी ‘राइनो’ या प्रोग्रॅमला जोडून चालणारं साधन तयार केलं, तेच आजचं ग्रासहॉपर. पडद्यावर छोटे डबे मांडायचे, त्यांना तारांनी जोडायचं, आणि प्रोग्रॅमिंगची एकही ओळ न लिहिता नियमांची साखळी तयार करायची. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना हे साधन पटकन आपलंसं वाटलं, आणि त्यातूनच एक अडचणही उभी राहिली. वळणं काढणं इतकं सोपं झालं, की वळण कशासाठी हा प्रश्नच मागे पडला. गेली काही वर्षं स्पर्धांमध्ये आणि पोर्टफोलिओंमध्ये लाटांसारख्या भिंतींची जी गर्दी दिसते, ती या सोपेपणाची देन आहे. चांगल्या अभ्यासक्रमाची पहिली खूण माझ्या मते ही, की तिथे पहिल्याच सत्रात हा प्रश्न विचारला जातो.

श्टुटगार्टला या प्रश्नाची जुनी परंपरा आहे. फ्राय ओटो यांनी १९६४ साली याच विद्यापीठात हलक्या संरचनांची संस्था सुरू केली. तारेची चौकट साबणाच्या पाण्यात बुडवून वर काढली की तिच्यात जो पातळ पडदा ताणला जातो, त्याचं क्षेत्रफळ त्या चौकटीत शक्य तेवढं कमी असतं आणि त्यातला ताण सगळीकडे सारखा असतो. ओटो असे पडदे तयार करत, त्यांचे फोटो काढत, मापं घेत, आणि त्यांवरून तंबूसारख्या छतांचे आकार शोधत. १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकच्या मैदानावरचं पारदर्शक छत याच शोधातून आलं. बार्सिलोनाजवळच्या एका चर्चसाठी आंतोनी गाउदी यांनी त्याच्याही आधी दोऱ्यांना वजनं टांगून कमानींचे आकार शोधले होते. लोंबणारी दोरी फक्त ताण सोसते. तो आकार उलटा केला की फक्त दाब सोसणारी कमान मिळते. ग्रासहॉपरमधलं ‘कांगारू’ हे साधन आज हेच काम संगणकावर करतं. ज्याने एकदा हाताने दोरी टांगून पाहिली आहे, त्याला पडद्यावरचं ते जाळं काय सांगतंय हे कळतं. बाकीच्यांना ते फक्त हलताना दिसतं.

दुसरा अर्धा भाग फॅब्रिकेशनचा. आकड्यांवर चालणारं पहिलं मिलिंग यंत्र एमआयटीत १९५२ साली दाखवलं गेलं. अमेरिकी हवाई दलाला विमानांचे भाग नेमकेपणाने कापून हवे होते. आज भोसरीतल्या लहान वर्कशॉपमध्येसुद्धा सीएनसी मशीन असतं. वास्तुकलेने उचललं ते मात्र आणखी एक यंत्र: सहा सांध्यांचा रोबोट. चाकणच्या मोटार कारखान्यांत वेल्डिंग करणारा हात आणि श्टुटगार्टच्या प्रयोगशाळेतला हात एकाच जातीचे. फरक कामाचा आहे. मोटारीच्या कारखान्यात तो हात एकच हालचाल लाखो वेळा करतो. इथे प्रत्येक तुकडा वेगळा, म्हणून प्रत्येक हालचालही वेगळी.

या एका वाक्यात डिझाइन आणि फॅब्रिकेशन यांचा एकच विषय का झाला याचं कारण आहे. २०११ साली आयसीडी आणि आयटीकेईच्या विद्यार्थ्यांनी आणि संशोधकांनी मिळून एक लाकडी मंडप उभारला. प्लायची जाडी फक्त साडेसहा मिलिमीटर. वेगवेगळ्या आकाराचे तुकडे ८५० हून अधिक आणि त्यांच्या कडांना बोटांत बोटं अडकावीत तसे सांधे एक लाखाच्या वर. एवढ्या तुकड्यांचे नकाशे हाताने काढायला कुणी बसणार नाही. तुकड्याचा आकार, त्याच्या कडेचा कोन, त्या कोनात कापायला रोबोटने कुठून कुठे जायचं, हे सगळं एकाच नियमसाखळीतून निघावं लागतं. डिझाइनची फाइल आणि कापणीची फाइल वेगळी राहतच नाही.

त्या मंडपामागचा विचार जाणून घेण्यासारखा आहे. समुद्रात ‘सँड डॉलर’ नावाचा चपटा प्राणी असतो, समुद्री साळिंदराचा भाऊबंद. त्याचं कवच छोट्या चकत्यांचं बनलेलं असतं आणि कुठल्याही एका बिंदूपाशी तीनच चकत्या भेटतात. हे महत्त्वाचं का? पुठ्ठ्याचे चार तुकडे एका बिंदूपाशी कडेला कड जोडले तर ते घडीसारखे हलू शकतात. तीनच तुकडे असले तर घडी पडायला जागा राहत नाही. ते एकमेकांना जागच्या जागी धरून ठेवतात. त्यामुळे सांध्यांना वाकवणारं बळ सोसावं लागत नाही, फक्त ढकलणारं आणि सरकवणारं बळ उरतं, आणि तेवढं बोटासारखे लाकडी सांधे सहज पेलतात. प्राण्याचा नुसता आकार उचलला असता तर शोभेची वस्तू झाली असती. इथे त्याच्या बांधणीतलं कारण उचललं, म्हणून साडेसहा मिलिमीटर प्लाय पुरली.

पुढच्याच वर्षीचा मंडप शेवंड्याच्या कवचावरून सुचला. त्या कवचातले तंतू, जिथे सगळीकडून बळ येतं तिथे अनेक दिशांनी पसरलेले असतात, आणि जिथे बळ एकाच दिशेने येतं तिथे त्या दिशेने रांगेत लागतात. रोबोटने फिरत्या चौकटीवर राळेत भिजलेले काचेचे आणि कार्बनचे धागे गुंडाळले. पूर्ण साचा लागलाच नाही. आठ मीटर पल्ला, कवच अवघं चार मिलिमीटर, आणि सगळ्याचं वजन ३२० किलोच्या आत. यामागे विद्यार्थी आणि संशोधकांची दीड वर्षाची मेहनत होती. २०१९ साली हाइलब्रोन शहरातल्या राष्ट्रीय बागप्रदर्शनात लाकूड आणि धागा या दोन्ही वाटा मोठ्या मापाने दिसल्या. एक लाकडी मंडप, ३० मीटर पल्ल्याचा, ३७६ पोकळ लाकडी खोक्यांचा. दुसरा धाग्यांचा, २३ मीटर पल्ल्याचा, ज्यात दीड लाख मीटर धागा साठ भागांत गुंफला आहे. विद्यार्थ्यांच्या अंगणातल्या प्रयोगापासून लोकांनी खाली उभं राहावं अशा छतापर्यंतचा हा प्रवास नऊ वर्षांचा आहे, कारण मालिकेतला पहिला मंडप २०१० सालचा.

इथे टॉलरन्सबद्दल, म्हणजे मापात चालू शकणाऱ्या फरकाबद्दल, थोडं थांबून सांगायला हवं, कारण पडद्यावर काम करणाऱ्याला ते कधी दिसत नाही. पडद्यावर दोन कडा जुळतात म्हणजे जुळतातच. वर्कशॉपमध्ये करवतीच्या पात्याला जाडी असते, प्लाय दमट हवेत फुगते, रोबोटचा हात पूर्ण लांब गेला की त्याची अचूकता बदलते. एका सांध्यात एक मिलिमीटर चूक झाली तर फारसं बिघडत नाही. पण तशाच शंभर सांध्यांची रांग असेल आणि चूक एकाच बाजूला साचत गेली, तर शेवटच्या तुकड्याला दहा सेंटिमीटरची फट पडते. हाइलब्रोनच्या लाकडी मंडपात सतरा हजार सांधे रोबोटने ०.३ मिलिमीटरच्या अचूकतेने कापले, म्हणूनच ते छत दोन कारागिरांना दहा दिवसांत जोडता आलं. पदव्युत्तर विद्यार्थ्याचा मोठा वेळ याच गोष्टीत जातो: नमुना कापायचा, जोडून पाहायचा, फट मोजायची, त्या फटीचा आकडा नियमात परत घालायचा, पुन्हा कापायचा. रोबोटचा मार्ग लिहितानाही तसंच. हात एखाद्या बिंदूपर्यंत पोचतो का, पोचताना स्वतःच्याच टेबलावर आदळतो का, मनगटाचा सांधा अशा कोनात अडकतो का जिथून पुढे कुठे वळावं हे गणिताला ठरवता येत नाही. हे काम संथ आहे, आणि मला ते या शिक्षणातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठाचा स्वभाव श्टुटगार्टपेक्षा वेगळा आहे. फाबिओ ग्रामात्सिओ आणि मातियास कोलर यांनी २००५ साली तिथे वास्तुकलेसाठी रोबोटची प्रयोगशाळा उभी केली; या प्रकारची ती पहिलीच मानली जाते. त्यांची सुरुवात विटेपासून झाली. फ्लेश गावातल्या गांटेनबाइन या वाइनघराच्या भिंती २००६ साली रोबोटने रचल्या. वीस हजार विटा, प्रत्येक थोड्या वेगळ्या कोनात फिरवलेली. लांबून पाहिलं की भिंतीत द्राक्षांचे गोल मणी दिसतात, आणि फटींतून आतल्या कोठीला हवा व मंद उजेड मिळतो. तिथला डिजिटल फॅब्रिकेशनचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे आणि मिळणारी पदवी ‘एमएएस’, म्हणजे आधीच मास्टर्स झालेल्यांसाठीचं पुढचं शिक्षण. अर्ज करणाऱ्यांनी हा फरक नीट पाहावा.

झुरिकजवळच्या ड्यूबेनडॉर्फ इथे २०१९ साली ‘डीफॅब हाउस’ हे राहतं घर उघडलं. त्यातली मला सर्वांत पटणारी गोष्ट म्हणजे त्याचा स्लॅब. आपण टाकतो तो स्लॅब सगळीकडे सारख्या जाडीचा असतो, कारण सपाट शटरिंग स्वस्त पडतं. बळ मात्र सगळीकडे सारखं नसतं, त्यामुळे त्यातलं बरंच काँक्रीट फक्त स्वतःचं वजन वाहत असतं. डीफॅब हाउसच्या स्लॅबसाठी वाळूचे साचे थ्रीडी प्रिंटरने छापले आणि जिथे बळ आहे तिथेच बरगड्यांसारखी जाडी ठेवली. सर्वांत पातळ जागी तो स्लॅब २० मिलिमीटर आहे आणि वजन नेहमीच्या स्लॅबच्या निम्म्याहून कमी. सिमेंटच्या उत्पादनातून जगातल्या कार्बन डायऑक्साइडचा सात-आठ टक्के वाटा बाहेर पडतो. त्यामुळे स्लॅब निम्मा करणं हे रोबोटने वीट फिरवण्यापेक्षा कितीतरी मोठं काम आहे. ईटीएचमधलेच फिलिप ब्लॉक यांच्या गटाने २०१६च्या व्हेनिस बिएनाले या वास्तुकला प्रदर्शनात चुनखडीच्या ३९९ दगडांचं छत उभारलं. सोळा मीटर पल्ला, चुना नाही, सिमेंट नाही, सळई नाही, आणि काही ठिकाणी जाडी फक्त पाच सेंटिमीटर. दगडाला दाबच सोसायला लावला की तो किती पातळ चालतो, हे त्यांनी करून दाखवलं.

बाकीच्या ठिकाणांबद्दल थोडक्यात. लंडनमध्ये एए स्कूल आणि यूसीएलचं बार्टलेट, बार्सिलोनात आयएएसी, अमेरिकेत एमआयटी, ही नावं या क्षेत्रात सतत येतात. खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे. श्टुटगार्ट सरकारी विद्यापीठ आहे; युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना तिथे २०१७पासून सत्राला १,५०० युरो फी आहे, वर विद्यार्थी-निधीची छोटी रक्कम. लंडनची फी याच्या अनेक पट. राहण्याखाण्याचा खर्च सगळीकडेच मोठा; जर्मनीच्या व्हिसासाठी वर्षभराची रक्कम आधीच बँकेत अडकवून ठेवावी लागते, आणि २०२२च्या नोव्हेंबरपासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएसचं, म्हणजे आधीच्या शिक्षणाची कागदपत्रं तपासून मिळणारं, प्रमाणपत्रही लागतं. ते मिळायला वेळ जातो, म्हणून अर्जाच्या खूप आधी त्याच्यामागे लागावं.

मग शिकून आल्यावर इथे काय करायचं, हा प्रश्न आईवडील विचारतात आणि तो रास्त आहे. रोबोट युरोपात परवडतो, कारण तिथे माणसाचा तास महाग आहे. आपल्याकडे तसं नाही. म्हणून श्टुटगार्टचा प्रयोग जसाच्या तसा नाशकात किंवा कोल्हापुरात आणणं मला व्यर्थ वाटतं. पण या विषयाचे दोन भाग सुटे करता येतात. गणित संगणकाचं आणि हात माणसाचा, अशी विभागणी आपल्याला चपखल बसते. दक्षिण आफ्रिकेतल्या मापुंगुब्वे संग्रहालयाचं उदाहरण पाहा. वास्तुरचनाकार पीटर रिच यांनी एमआयटीचे जॉन ऑक्सेनडॉर्फ आणि केंब्रिजचे मायकेल रॅमेज यांच्याबरोबर ते २००९ साली पूर्ण केलं. पातळ घुमटांचा आकार अभियंत्यांनी हिशेबाने काढला. मातीत थोडं सिमेंट घालून दाबलेल्या सुमारे दोन लाख फरश्या गावातल्या बेरोजगार माणसांनी स्वतः तयार केल्या आणि तेच काम शिकून घुमटही बांधले. त्या वर्षी जागतिक वास्तुकला महोत्सवात ती ‘वर्षातली सर्वोत्तम इमारत’ ठरली. ज्या प्रदेशात गवंडीकाम, विटांच्या कमानी आणि जांभा-बेसॉल्टचं बांधकाम अजून जिवंत आहे, तिथे या वाटेने पुष्कळ करण्यासारखं आहे.

यंत्राची वाटही भारतात सुरू झालेली आहे. २०२३ साली बेंगळुरूच्या केंब्रिज लेआउट भागात थ्रीडी काँक्रीट प्रिंटिंगने उभारलेलं पोस्ट ऑफिस उघडलं. सुमारे हजार चौरस फुटांची ती इमारत लार्सन अँड टुब्रोने आयआयटी मद्रासच्या मदतीने दीड महिन्याच्या आसपास उभी केली. हे स्वागतार्हच आहे. तरी सरळ भिंती छापून काढल्याने सिमेंट फारसं वाचत नाही. छापण्याच्या मिश्रणात उलट ते जास्त लागतं. वेळ वाचतो, शटरिंग वाचतं. सिमेंट कसं वाचेल, हा पुढचा प्रश्न या शिक्षणातून आलेल्यांनी हाती घ्यायला हवा.

आणि ज्याला परदेशी जाणं जमणार नाही, त्याच्यासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. एमआयटीचे नील गर्शनफेल्ड यांनी १९९८ साली ‘जवळपास काहीही कसं बनवावं’ या नावाचा अभ्यासवर्ग सुरू केला. त्यातून फॅब लॅबची कल्पना निघाली: लेझर कटर, सीएनसी राउटर, मिलिंगचं छोटं यंत्र, थ्रीडी प्रिंटर आणि इलेक्ट्रॉनिक्सचं टेबल एका छपराखाली, सर्वांना खुलं. एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक २००२ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळ या गावी, विज्ञान आश्रमात सुरू झाली. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली शिरूर तालुक्याच्या या दुष्काळी भागात आश्रम स्थापला, तो हाताने काम करत शिकण्याच्या विचारावर. त्रिकोणांतून उभा राहणारा ‘पाबळ डोम’ हा भूमिती आणि लोखंडाच्या जोडणीचा प्रयोग तिथलाच. गावातली मुलं तो जोडायला शिकली. जगभर एकाच वेळी चालणारा ‘फॅब अकॅडमी’ हा काही महिन्यांचा अभ्यासक्रमही पाबळच्या लॅबमधून करता येतो. त्याला विद्यापीठाच्या पदवीचं वजन नाही, पण कापणं, छापणं, साचा करणं, सर्किट जोडणं आणि या सगळ्याची नोंद ठेवणं, हे सारं तिथे आठवड्या-आठवड्याला करावं लागतं.

म्हणून या विषयाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. अभ्यासक्रम निवडताना सॉफ्टवेअरची यादी पाहू नका. वर्कशॉप किती मोठं आहे, विद्यार्थ्याला मशीन स्वतः चालवू देतात का, आणि गेल्या वर्षीच्या मुलांनी पूर्ण मापाचं काय बांधलं, हे पत्र पाठवून विचारा. पोर्टफोलिओत एक तरी वस्तू अशी असू द्या जी तुम्ही स्वतः कापली, जोडली आणि जिच्या सांध्यातली फट मोजली आहे. त्यासाठी फार पैसे लागत नाहीत. प्लायचा एक ताव आणि ओळखीच्या सुताराकडचा एक महिना पुरेल. आणि पुण्याच्या आसपास असाल तर अर्ज भरण्याआधी एकदा पाबळला जाऊन या.